खिळ्याची फळी

आमच्या पत्र्याच्या शेडला सगळा गाव कारखाना म्हणतो. सासऱ्यांच्या वेळेपासून म्हणतो, म्हणून मीही म्हणते. नाहीतर एक पट्ट्याची करवत, एक रंध्याचं मशीन, लाकूड ठेवायचे दोन घोडे आणि कळंबच्या रस्त्यावरून उडून येणारी धूळ, याला कारखाना कोण म्हणेल? लग्न ठरलं तेव्हा मी माहेरी, लोधिवलीला, मैत्रिणींना ऐटीत सांगितलं होतं की नवऱ्याचा कारखाना आहे. पहिल्या सणाला भाऊ न्यायला आला, त्यानं शेड बघितली आणि परतीच्या वाटेवर चौकापर्यंत एक शब्द बोलला नाही. चौकात उतरल्यावर माझी समजूत काढावी तसा म्हणाला, "मशीन मोठं हाय पण."

मशीन खरंच मोठं आहे. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून ताणून बसवलेलं दात्यांचं लांब पातं. मशीन चालू केलं की पातं टेबलातून खाली उतरत राहतं, न थांबता. लाकूड टेबलावर ठेवून त्याच्यापुढे सरकवायचं. सरळ कापायला दुसरी मशिनं पुष्कळ आहेत. हे ठेवतात ते वळणासाठी. पातं आपल्या जागी उभं असतं, लाकूड आपण वळवत न्यायचं, आणि वळण जे काही येईल ते आपल्या हाताचं.

ह्यांना जाऊन आता दुसरा पावसाळा. मुलगी बदलापूरहून फोनवर सांगत असते, आई, मशीन विकून टाक, शेड भाड्यानं दे, रिसॉर्टवाले सामान ठेवायला घेतील. मी बरं म्हणते आणि विकत नाही. तिला वाटतं मी हट्टी आहे. आहेच. त्या मशीनच्या टेबलावर अजून एक प्लायची फळी बसवलेली आहे, फळीत डोकं उडवलेला एक खिळा आहे, आणि तो खिळा मी ठोकलेला आहे. तो कुणा परक्यानं पकडीनं उपटावा हे मला बघवणार नाही.

ह्यांचे देव्हारे कर्जत-खालापूरकडे पुष्कळ घरांत आहेत. देव्हाऱ्याचं बाकीचं काम कुठलाही चांगला सुतार करील: खांब, पायऱ्या, वर कळस, खाली निरांजनाचा खण. बघणाऱ्याची नजर जाते ती पुढच्या अर्धगोल कमानीवर. ती एका बाजूला जरी कलली तरी देव वाकडे बसल्यासारखे दिसतात. ह्यांची कमान बघायला दुसरे सुतार येत, हात फिरवून जात, आणि बाहेर जाऊन काही बोलत नसत, यातच सगळं आलं.

हे फर्मा वापरत नसत. फर्मा म्हणजे प्लायचा किंवा पुठ्ठ्याचा कापून ठेवलेला आकार. तो लाकडावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली की दर वेळी तेच वळण मिळतं. बाकीच्यांच्या भिंतीवर असे फर्मे ओळीनं टांगलेले असतात. आमच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर. "फर्मा कशाला? हात हाय ना," म्हणायचे. दोऱ्याला पेन्सिल बांधून एकदाच अर्धगोल काढायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि मशीन चालू करायचे. त्यानंतर घराला आग लागली असती तरी मान वळली नसती. कापून झालं की पेन्सिलीची रेघ बघण्यासारखी असे: अर्धी रेघ लाकडावर राहिलेली, अर्धी भुशात गेलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते लाकूड माझ्याकडे यायचं. घासायचं, पॉलिश करायचं काम माझं. इतकी वर्षं मी त्यांच्या वळणांवरून हात फिरवला, पण घासून काढावं असं त्यात फार काही नसायचंच. मी उगाच तक्रार करायची, "माझ्यासाठी काही ठेवत जा की!" त्यावर हे मिशीत हसायचे. फर्म्यावरून ते दुसऱ्यांची इतकी टिंगल करायचे की मला कधी कधी भीती वाटायची. इतकं हसू नये माणसानं.

थरथर मला आधी बशीत दिसली. हे चहा बशीत ओतून पीत. एक दिवस बशीतला चहा हलत होता आणि हे दुसरीकडे बघत होते. मग उजवा हात खिशात राहू लागला. मग एक कमान बाहेरच्या अंगाला फुगली. ती त्यांनी मला दाखवलीच नाही, जळणात टाकली. पण जळण मीच लावते, मला कळायचं राहणार होतं का? नंतर दुसरी गेली, तिसरी गेली. चांगलं जुनं सागवान चुलीत घालताना मी भांडले नाही, यावरूनच ह्यांनी ओळखलं की मला कळलंय.

पनवेलच्या डॉक्टरांनी हात वर करायला लावले, चालायला लावलं, बोटं जुळवायला सांगितलं, आणि कंपवात म्हणाले. गोळ्यांनी बरं वाटेल, पूर्ण जाणार नाही. ह्यांनी एकच विचारलं, "करवतीवर उभं राहता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, चालत्या मशीनजवळ हात नेऊच नका. येताना गाडीत हे खिडकीतून बाहेर बघत होते. घर आल्यावर म्हणाले, "करवत सुटली म्हणजे मी सुटलो. मग मला सुतार म्हणू नका, काय म्हणायचं ते म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी शेड उघडली. झाडून काढली, चाकांना तेल दिलं, पातं पुसलं, आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसून राहिले. बंद मशीनसमोर. असं कितीतरी दिवस चाललं. आलेल्या माणसाला सांगायचे, पातं मागवलंय, आलं की करू. पातं मशीनवर चढवलेलं माणसाला समोर दिसत असे. मला स्वयंपाकघरातून ते स्टूल दिसत राहायचं. दुपारी जेवून हे खाटेवर आडवे होत, डोळा लागला की हात थांबे. अगदी शांत, पहिल्यासारखा. मी दारात उभी राहून तो हात बघत बसायची. झोपेत येतं ते जागेपणी का येत नाही, असा मला राग यायचा. कुणावर, ते सांगता येत नव्हतं.

वन्संच्या मुलानं, म्हणजे ह्यांच्या भाच्यानं, मला एक मोबाईल दिला होता. त्यात मी स्वयंपाकाचे व्हिडिओ बघते असा ह्यांचा समज होता. तेही बघायची; पण सुताराच्या बायकोला मोबाईलही ओळखतो की काय कोण जाणे, मधेच लाकूडकाम यायचं. एकदा कुठल्याशा परदेशातला एक म्हातारा आला. तो काय बोलत होता मला कळत नव्हतं, मी त्याचे हात बघत होते. त्यानं आमच्यासारख्याच करवतीच्या टेबलावर एक फळी आवळून बसवली, फळीत एक खिळा, आणि कापायच्या लाकडाच्या खालच्या बाजूला एक भोक पाडून ते लाकूड त्या खिळ्यावर ठेवलं. मग नुसतं फिरवलं. पुढे ढकललं नाही, नेम धरला नाही, जातं ओढावं तसं फिरवलं. गोल तुकडा कापून बाजूला पडला.

मला माझी आई आठवली. सांध्यांनी तिची बोटं वेडीवाकडी झाली होती, तिला नीट वेणी घालता येत नव्हती, पण जात्यावर बसली की वरची तळी गोलच फिरायची. मधे खुंटा असतो ना. हात कसाही असो, खुंटा तळीला बाहेर जाऊ देत नाही. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. हे म्हणाले, "किती वेळा करशील ती एकच भाजी?"

एका दुपारी हे झोपले तेव्हा मी शेडमध्ये गेले. प्लायचा तुकडा टेबलाला आवळला, पात्यापासून कमानीच्या मापावर एक खिळा ठोकला, त्याचं डोकं उडवलं, एका रद्दी फळकुटाच्या खालून भोक पाडून ते खिळ्यावर बसवलं आणि मशीन चालू केलं. इतकी वर्षं त्या मशीनपाशी काढली, पण चालू करून त्याच्यासमोर एकटी उभी कधी राहिले नव्हते. फळकूट फिरवलं. थोडं कापलं आणि पातं ते बाहेर ओढायला लागलं. मी जोर लावला, तर पातं किंचाळलं आणि जळका वास सुटला.

वळून बघते तर दारात हे. बनियनवर, केस उभे राहिलेले.

"काय चाललंय?"

"खिळ्याची फळी," मी म्हटलं. दुसरं नाव मला माहीत नव्हतं.

"कुणी शिकवलं?"

"मोबाईलनं."

मला वाटलं आता भडकतात. फर्म्याला हसणारा माणूस, आणि त्याच्या मशीनवर बायकोनं खिळा ठोकलाय. त्यांनी मशीन बंद केलं, चाक थांबेपर्यंत थांबले. मग वाकून खिळ्याकडे बघितलं, पात्याकडे बघितलं. गुण्या घेतला, म्हणजे सुताराचा काटकोन, आणि पात्याला लावला. "पातं दातानं कापतं गं, पाठीनं नाय. तू खिळा पाठीच्या रेषेत ठोकलास. दाताच्या समोर पायजे, बरोबर समोर. जरा मागं-पुढं झाला तर पातं पळतं." मग बोटानं जागा दाखवायला लागले. बोट थरथरत होतं, त्यामुळे नेमकी जागा कुठली ते मला कळेना. मी पेन्सिल घेऊन थांबले. बोट इकडून तिकडे जात होतं, त्याच्या मधोमध मी खूण केली. "हां, तितंच," म्हणाले. गुण्या त्यांनी दाबून धरला, हातोडी मी मारली.

नंतर ते स्वतः उभे राहिले. लाकडाच्या पार पलीकडच्या टोकाला दोन्ही हात, पात्यापासून लांब. हात थरथरत होते. लाकडावर बोटांचा टकटक आवाज येत होता. पण खिळा धरून होता. लाकूड फिरलं, बाहेरचं वळण उतरलं. मग फळी सैल करून खिळा आतल्या मापावर येईल इतकी पात्याकडे सरकवली, पुन्हा आवळली आणि आतलं वळण उतरवलं. चाक थांबल्यावर त्यांनी ती कमान उचलली, अंगठा तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, आणि माझ्याकडे दिली. मीही हात फिरवला. घासण्यासारखं काहीच नव्हतं. त्या संध्याकाळी ह्यांनी तीन वेळा चहा मागितला, आणि मी तिन्ही वेळा न कुरकुरता केला.

ते महिने चांगले गेले. खरंच चांगले गेले, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल की बाईनं ती फळी केलीच कशाला. मी पुन्हा करीन. शेडमधून करवतीचा आवाज यायचा, हे जेवताना कामाबद्दल बोलायचे, भुसा अंगावर घेऊन घरात यायचे आणि मी ओरडायची. फक्त एक होतं. फळीबद्दल बाहेर बोलायचं नाही, असं मला बजावून ठेवलं होतं. कुणी आलं की तिच्यावर गोणपाट टाकायचे. मी म्हणे, "चोरीचा माल हाय का तो?" तर म्हणायचे, "तू गप गं." दोरा आणि पेन्सिल भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली होती, तिच्यावर धूळ बसली. रेघ काढायची आता गरज नव्हती.

मग भाच्यानं शेलूला फ्लॅट घेतला. वन्सं, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण, खालापूरला राहतात. त्यांच्याकडचा देव्हारा ह्यांनी तरुणपणी केलेला, बहिणीच्या घरात द्यायची पहिली मोठी वस्तू म्हणून. वन्सं म्हणाल्या, मुलाच्या घरी अगदी तसाच पाहिजे, मापाला माप. ह्यांनी मन लावून केला. आमच्यात एक पद्धत आहे: मुलगा वेगळं घर करतो तेव्हा नवा देव्हारा आधी जुन्या देवांपुढे नेऊन ठेवायचा. रात्रभर तिथं राहू द्यायचा, सकाळी जुन्यातला एक देव नव्यात बसवायचा आणि मग पुढे न्यायचा. आता शेलू आमच्यापासून नेरळच्या पलीकडे, इतकंच; पण देव्हारा टेंपोत घालून उलट दिशेला खालापूरला न्यावा लागला. वाटेत धक्के बसून मोडू नये म्हणून कमान वेगळी चादरीत गुंडाळून ह्यांनी मांडीवर घेतली होती. हाताबरोबर चादरही थरथरत होती.

खालापूरला पोचलो. वन्संनी दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. नवा देव्हारा जुन्याच्या शेजारी मांडला. वन्सं एकदा याला हात लावत, एकदा त्याला. भाचा मामावर फार जीव असलेला. मामाचा हात थरथरतो म्हणून सगळे हळहळतात, हे त्याला सहन होत नसे. त्याला सगळ्यांना दाखवायचं होतं की मामा आहे तसाच आहे. त्यानं चादरीतली कमान घेतली आणि म्हणाला, "आई, बघ. तेव्हाची आणि आताची. मामाचा हात जरा तरी हललाय का बघ." आणि त्यानं नवी कमान जुन्या कमानीवर ठेवली.

ती जुनीवर बसली नाही. उजवीकडे बरोबर जुळली, माथ्यावर जुळली, डावीकडे जुनी कमान नवीच्या बाहेर आली. फार नाही, नखाएवढी. पण दिसली. तिच्यापुढे इतकी वर्षं हात जोडले, दिवा लावला, गणपतीत माळा बांधल्या, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या शेजारी आजवर दुसरी बरोबर कमान कधी ठेवलीच नव्हती.

भाचा गोंधळला. वन्संना मात्र आनंदच झाला. त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आणि हात थरथरतो म्हणतोस! ही तर आधीपेक्षा फाइन झालीय रं!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जुन्या कमानीच्या डाव्या खांद्याकडे बघत होते. त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो मला बघवला नाही. वन्सं पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगत होत्या, शेजारणीला बोलावून दाखवत होत्या, आधीपेक्षा फाइन, आधीपेक्षा फाइन. त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. मला वाटत होतं जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा.

सकाळी निघताना हे वन्संना म्हणाले, "आक्का, जुनी कमान काढून दे. कारखान्यात नेतो. डावी बाजू काढून बरोबर करून देतो."

"देवाची हाय ती. तुझ्या हातची हाय. मी नाय हलवू देणार."

"नवी माज्या हातची नाय, आक्का," हे म्हणाले. "ती खिळ्यानं कापलीय. माज्या हातची ही, फुगलेली."

वन्संना काही कळलं नाही. नंतर मी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्या खूप रडल्या. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

परत आल्यावर ह्यांनी शेड उघडली नाही. मी दोन दिवस वाट बघितली, मग चावी त्यांच्यासमोर आपटली. "कामं पडलीत."

"तू कर. तुला येतं."

"तुमी काय करणार?"

"मी तिथं काय करतो, सांग? खिळा कापतो. मी नुसता फिरवतो. ते कुणी पण फिरवील."

मला असा संताप आला. "मग पोळी तवाच भाजतो! मी नुसती उलटते! उद्यापासून तव्यालाच सांगा वाढायला!"

एरवी यावर ते हसले असते. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपले. भांडण मी जिंकले आणि माणूस माझ्या हातून गेला, असं मला तेव्हाच वाटलं. राहिलेल्या कमानी मी कापल्या. करवतीचा आवाज घरात जात असेल. मी आत आले की हे डोळे मिटून असायचे, झोपलेले नसायचे, कारण हात हलत असायचा.

दुखणं वाढायला जणू तेवढंच निमित्त हवं होतं. पावलं लहान झाली. आवाज बसला, जवळ कान नेल्याशिवाय ऐकू येईना. गोळ्या वाढल्या. आणि जेवण कमी झालं. चमचा तोंडापर्यंत जाईपर्यंत रिकामा व्हायचा, वरण शर्टावर. हे सरळ चमचा खाली ठेवायचे. मी भरवायला घेतलं तर तोंड घट्ट मिटायचे. मुलगी येऊन राहिली, तिनं लहान मुलासारखं लाडीगोडीनं करून बघितलं. त्यानं तर आणखीच बिघडलं. वन्सं आल्या, म्हणाल्या, "लहानपणी मीच भरवलंय की रं तुला." ह्यांनी मान फिरवली. शर्ट अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर नळी घालावी लागेल. मी हात जोडले, रागावले, ताट आपटलं, रडले. हे जवळजवळ न ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाले, "हे पण गेलं तर माज्या हातात काय ऱ्हायलं गं?"

मला कळत होतं.

एका दुपारी त्यांना टेबलाशी खुर्चीवर बसवलं होतं. मऊ वरणभात, मोठा चमचा. मी शेजारी बसले होते, आणि चमचा वर उठताना बघत होते. हात खांद्यापासूनच हलत होता, कोपर टेबलावरून उचललं जात होतं, इकडे जात होतं, तिकडे जात होतं, त्याच्याबरोबर चमचाही. पातं पळावं तसं. मी काही ठरवलं नव्हतं. माझा डावा हात आपोआप गेला आणि त्यांच्या कोपरावर पालथा पडला. मी कोपर टेबलाला दाबून धरलं. घट्ट.

हे थांबले. आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग चमच्याकडे. इतक्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांत असं बघणं मी बघितलं नव्हतं. गुण्या पात्याला लावताना बघत तसं. मग कोपर माझ्या हाताखाली थोडं पुढे सरकवलं. पुन्हा जरासं मागे. जागा बघत होते. मी पकड सैल केली आणि ते थांबले तिथं पुन्हा दाबलं.

"तितंच?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. चमचा वर उठला. पंजा थरथरत होता, पण हात बाहेर गेला नाही. कोपरापासून वळण घेत चमचा वर आला, तोंडाशी आला, आणि त्यातला भात बहुतेक सगळा तोंडात गेला. हे सावकाश चावत राहिले. गिळून झालं, तसे माझ्याकडे कलले आणि मी कान जवळ नेला.

"आधीपेक्षा फाइन झालंय," ते म्हणाले.

बोलले आणि मिशीत हसले. खालापूरहून आल्यावर पहिल्यांदा. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता मी इतकी रडले की त्यांना दुसऱ्या घासासाठी थांबावं लागलं, कारण मी दाबून धरल्याशिवाय हात वळत नव्हता.

त्यानंतर ते सात-आठ महिने होते. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना कुणी भरवलं नाही. वेळ लागायचा, भात गार व्हायचा, माझी बोटं आखडायची. पण घास त्यांच्या हातानं त्यांच्या तोंडात जायचा. कधी माझं लक्ष गेलं आणि हात सरकला, तर चमच्यानं ताटलीवर टिचकी वाजवायचे. मी म्हणायची, "धरलंय हो."

आता मी एकटीच त्या टेबलाशी जेवते. उजव्या हातानं घास घेते, आणि डावा हात माझा मला न विचारता शेजारच्या रिकाम्या कडेला जातो, तिथं पालथा पडतो आणि लाकूड दाबून धरतो. मग माझ्या लक्षात येतं, आणि मी तो उचलून मांडीवर ठेवते.